दोषाची वाटणी

खळ्यावर नागलीची रास पडली म्हणजे वाटणीचा नियम लहान मुलालाही समजतो. वाटेकरी दोन असले तर वाटा मोठा येतो, दहा असले तर लहान येतो, आणि शंभर असले तर ओंजळभरही हाती लागत नाही. धान्याचा हा नियम आपण जन्मापासून पाहत आलो असल्यामुळे दोषाचाही नियम हाच असावा, असे आपल्या मनाने विचार न करताच धरून ठेवले आहे. एखादे अनिष्ट एकाच मनुष्याच्या हातून घडले तर त्यास आपण अपराधी म्हणतो. तेच वीस जणांच्या हयगयीने घडले, तर प्रत्येकाच्या पदरी विसावा हिस्सा आला असे समजून आपण त्या विसांनाही घरी जाऊ देतो, आणि आपण त्या विसांपैकी एक असलो तर रात्री सुखाने झोपतो. ही समजूत खरी आहे काय, हा प्रश्न आज आम्ही आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न पुस्तकातला नाही. जव्हार तालुक्यातील वावर आणि त्याच्या शेजारचे वांगणी ही नावे १९९२ पूर्वी तालुक्याबाहेर फारशी कोणी ऐकली नव्हती. १९९२-९३ साली तेथील पाड्यांवर लहान मुले एकामागून एक मरू लागली. सव्वाशेच्या आसपास बालके गेली, असे तेव्हापासून सांगितले जाते. आणि तेव्हापासूनच ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव साऱ्या महाराष्ट्रात उपासमारीचे दुसरे नाव होऊन बसले. तो मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला. परंतु जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून बातमी बदलली असे नाही. २०१६ साली पालघर जिल्ह्यात सुमारे ६०० बालके दगावल्याच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने महाराष्ट्र सरकारला नोटीस काढून जाब विचारला.

आता मूल मेल्यावर जव्हार-मोखाड्याच्या बाजूस विचारपूस होते तेव्हा कशी उत्तरे मिळतात ती पाहा. अंगणवाडीची सेविका म्हणते, आहार वरूनच आला नाही, मी काय वाटू? आहार पोहोचविणारा म्हणतो, रस्ता वाहून गेला होता. आरोग्य खात्याचा मनुष्य म्हणतो, डॉक्टरची जागाच रिकामी आहे, आणि मी गेलो तेव्हा घराला कुलूप होते. रेशन दुकानदार म्हणतो, माल उशिरा उतरला. वीटभट्टीचा मालक म्हणतो, मी उचल दिली, काम घेतले, माझ्याकडे कोणी आजारी मूल दाखविले नाही. साहेब म्हणतात, आम्ही परिपत्रक काढले आहे. आणि ह्या सर्वांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते; ती ही की, आईबापच अडाणी, ते मुलाला दवाखान्यात न आणता भगताकडे घेऊन गेले.

वाचकहो, ह्यातील बहुतेक उत्तरे खरी असतात. खोटे बोलणारा मनुष्य सापडला तर न्याय सोपा होतो. येथे अडचण अशी की, प्रत्येक जण खरे बोलत आहे आणि मूल तर मेलेलेच आहे.

ह्या उत्तरांत शेवटचे उत्तर नोंदवहीचे असते. वहीत मृत्यूचे कारण न्यूमोनिया, हगवण, गोवर किंवा जन्मतः वजन कमी असे लिहिलेले आढळते. भूक हे कारण क्वचितच लिहिले जाते. आणि वैद्यकाच्या दृष्टीने लिहिणारा खोटेही लिहीत नाही. भुकेले मूल बहुधा भुकेने मरत नाही. भुकेने त्याच्या अंगातील रोगाशी झुंजण्याची शक्ती जाते, आणि मग जो ताप किंवा जी हगवण धडधाकट मुलाला चार दिवस निजवून सोडून देते, तीच त्याला घेऊन जाते. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मागे कमी पोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अखेरचा धक्का देणारा रोग वहीत येतो, आणि ज्यांनी मुलाला काठावर आणून उभे केले त्यांचे नाव कोठेच येत नाही.

अनेकांच्या हयगयीने एकाचे नुकसान झाले असता ते कोणी भरून द्यावे, ह्या प्रश्नावर न्यायालयांनी दोनशेहून अधिक वर्षे विचार केला आहे. त्यातील काही खटले येथे सांगतो. त्यांत गाढव आहे, आजी आहे, आजोबा आहेत. कोणास परके वाटू नये.

१८०९ साली इंग्लंडात एका मनुष्याने घराच्या डागडुजीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला. दुसरा एक गृहस्थ दारूच्या दुकानातून निघून संध्याकाळच्या उजेडात घोडा भरधाव फेकीत आला आणि त्या वाशावर आपटला. चूक दोघांचीही होती. न्यायालयाने घोडेस्वारास एक पैही दिली नाही. कारण तू जपून चालला असतास तर वासा तुला दिसला असता. मागणाऱ्याच्या अंगी थोडासा दोष निघाला की त्याचे सर्वच बुडाले, असा हा कडक न्याय होता. पुढे १८४२ साली एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्यास रस्त्यावर चरावयास सोडले, आणि दुसऱ्याच्या तीन घोड्यांच्या गाडीने ते चिरडले. गाढव तसे सोडणे चूकच होते. तरीही मालकास भरपाई मिळाली. कारण गाडीवानाने थोडे जपले असते तर तो अपघात टळला असता. रस्त्यात गाढव बेसावध उभे आहे एवढ्यावरून त्याच्या अंगावर गाडी घालण्याची मोकळीक कोणास मिळत नाही. अडाणी आईबापांकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे गाढव नीट लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते. अखेर १९४५ साली तेथे कायदा झाला की, मागणाऱ्याचाही दोष असेल तर त्याच्या दोषाच्या मानाने भरपाई कमी करावी, सर्वस्वी बुडवू नये. आपल्या देशातील न्यायालयेही मोटार अपघाताच्या खटल्यांत असेच शेकडा प्रमाण ठरवितात.

परंतु ज्याचे नुकसान झाले त्याचा स्वतःचा दोष मुळीच नाही, आणि नुकसान करणारे मात्र अनेक आहेत, तेव्हा काय? समजा, एसटीची गाडी आणि मालट्रक दोन्ही चालकांच्या हयगयीने एकमेकांवर आदळले व एसटीत बसलेल्या बाईचा पाय मोडला. ह्या बाईने एसटीकडून किती आणि ट्रकवाल्याकडून किती असा हिशेब करीत बसावे काय? २०१५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. अशा वेळी ती बाई दोघांपैकी कोणाकडूनही संपूर्ण भरपाई मागू शकते. दोघांचे आपसांतले प्रमाण हा त्या दोघांचा प्रश्न आहे. त्यासाठी बाईने ताटकळत बसावे असे नाही. ‘माझा हिस्सा निम्माच’ हे उत्तर एक अपराधी दुसऱ्यास देऊ शकतो. मोडलेल्या पायास देऊ शकत नाही.

येथे नागलीच्या राशीचा नियम पहिल्यांदा मोडतो.

आता आजीची गोष्ट. १८५८ सालच्या एका इंग्रजी खटल्यात एक आजी पाच वर्षांच्या नातवास घेऊन आगगाडीचे रूळ ओलांडीत होती. गाडीने धडक दिली. आजी गेली, मूल जखमी झाले. कंपनीची हयगय होती, तशी आजीचीही होती. न्यायालय म्हणाले, मूल आजीच्या स्वाधीन होते, सबब आजीचा दोष तो मुलाचा दोष. मुलास काही मिळणार नाही. पाऊणशे वर्षांनी, १९३३ साली, असाच एक आजोबा चार वर्षांच्या नातवाचा हात धरून रस्ता ओलांडीत असता मोटारबसने मुलास जखमी केले. ह्या वेळी न्यायालयाने सांगितले की, आजोबा बेसावध होता हे खरे असले तरी त्याचा दोष मुलाच्या माथी मारता येत नाही; मुलाला त्याचे पुरे मिळाले पाहिजे. ह्या दोन निकालांत पंचाहत्तर वर्षांचे अंतर आहे. वावरच्या बाबतीत आपल्यापैकी कित्येक जण अजून पहिल्याच निकालाच्या काळात राहतात. मुलाला भगताकडे नेले ही चूक आहे, तीविषयी आम्ही आडपडदा ठेवीत नाही. आमच्या उपदेशकांनी ती चूक शेकडो घरांत समजावून सांगितली आहे आणि पुढेही सांगावी. परंतु ती चूक बापाची. मरणाऱ्या मुलाचे जे येणे होते ते तिने पैभरही कमी होत नाही. आणि बापाकडेही जरा न्यायाने पाहू. ज्या पाड्यावरून पावसाळ्यात दवाखाना गाठणे म्हणजे दिवसाची वाट, नदीला पूर, आणि तेथे पोहोचल्यावर डॉक्टर भेटेल की नाही ह्याची शाश्वती नाही, त्या पाड्यावर भगत दारात आहे, ओळखीचा आहे, आणि मध्यरात्रीही उठतो. बाप अडाणी असेल. पण त्याने हाती असलेल्यांतून निवड केली. त्याच्या हाती दुसरे काही येऊ नये ही व्यवस्था त्याने केलेली नव्हती.

कोणी म्हणेल, इतक्या जणांना पुरा दोष लावणे हे अतिशयोक्तीचे आहे. एकाच मरणाचे दहा मनुष्यांवर दहा पूर्ण दोष कसे होतील? त्यास मुंबईचे एक उदाहरण देतो; तेथील साखळीचे दुवे स्पष्ट दिसतात. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सरकारी जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. त्यांस औषध म्हणून जे ग्लिसरॉल पाजले त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. ह्या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने पुढे चौकशी केली आणि दोष एका माणसावर टाकून मोकळे न होता, औषध बनविणारे व पुरविणारे, रुग्णालयात त्याची खरेदी करणारे, औषधांवर नजर ठेवणारे सरकारी खाते, आणि त्या खात्यावरचे मंत्री, अशा सर्वांपर्यंत बोट नेले. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांस जावे लागले. आता विचार करा: ह्यांपैकी कोणत्याही एकाने आपले काम केले असते तर? बनविणाऱ्याने शुद्ध माल दिला असता, किंवा पुरविणाऱ्याने तपासला असता, किंवा खरेदी करणाऱ्याने स्वस्त-महाग ह्यापलीकडे पाहिले असते, किंवा खात्याने वेळीच नमुना तपासला असता, तर ते विष रोग्याच्या तोंडापर्यंत गेले नसते. चौदा प्राण वाचविण्याची पुरी शक्ती प्रत्येकाच्या हाती, निरनिराळी, होती. मग प्रत्येकाचा दोष अपुरा कोणत्या हिशेबाने? ‘पुढचा पाहील’ असे मागच्याने म्हटले आणि ‘मागच्याने पाहिले असेल’ असे पुढच्याने म्हटले, एवढ्यानेच पाच पहारेकरी असूनही दार उघडे राहिले. एकच पहारेकरी असता तर कदाचित तो जागा राहिला असता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हेच तत्त्व मालाच्या बाबतीत कायम केले आहे. सदोष मालाने इजा झाल्यास माल बनविणारा, विकणारा आणि सेवा देणारा ह्या तिघांसही जबाबदार धरता येते. पाड्यावर वाटला जाणारा आहार विकत घेतलेला नसतो म्हणून तेथे हा कायदा कितपत लागू होईल ते वकिलांनी सांगावे. आम्ही येथे फक्त तत्त्वापुरते बोलत आहोत.

तथापि ह्या विचारात एक धोका आहे, तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्व दोष कोणा एकाकडून वसूल करता येतो असे ठरले की, जो हाताशी सापडतो तोच धरला जातो. इंग्लंडात १७९९ साली एका गिरणीच्या यंत्रांची दोघांनी नासधूस केली. मालकाने ८४० पौंडांची सारी भरपाई एकट्याकडून घेतली, आणि त्याने दुसऱ्याकडे निम्मे मागितले तेव्हा न्यायालयाने त्यास हात हलवीत परत पाठविले. अपराध्यांचे आपसांतले हिशेब न्यायालय करीत नाही, असे सांगितले. हा जुलूम तेथे १९३५ पर्यंत चालला. मग कायद्याने ठरविले की, सर्व भरणाऱ्यास इतर अपराध्यांकडून त्यांचा न्याय्य हिस्सा मागता येईल. आपल्याकडे मूल मेल्यावर प्रथम कोण सापडते? थोड्याशा मानधनावर राबणारी सेविका, नाहीतर उपकेंद्राची नर्स. तिला नोटीस मिळते, तिचे मानधन थांबते, वृत्तपत्रात ‘कारवाई झाली’ असे येते आणि वर सर्व शांत होते. हा १७९९ चाच न्याय आहे. म्हणून मुलापुढे प्रत्येक जण पुऱ्या दोषाचा धनी आहे असे आम्ही म्हणतो, तेव्हा त्याबरोबरच हेही म्हणतो की, अपराध्यांनी आपसांत वाटणी केलीच पाहिजे, आणि ती ज्याच्या हाती जितके ज्ञान व जितका अधिकार, त्या मानाने केली पाहिजे. ज्या बाईजवळ रिकामे भांडे होते तिचा हिस्सा, आणि ज्याच्या सहीवाचून ते भांडे भरत नव्हते त्याचा हिस्सा, हे सारखे नाहीत.

ज्ञानाची गोष्ट निघाली म्हणून निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील मारक्या बैलाची आठवण होते. बैलाने प्रथमच कोणास शिंग मारले तर धनी सुटतो. परंतु बैल मारका आहे हे आधीपासून ठाऊक होते, धन्याला तशी ताकीदही मिळाली होती, आणि तरीही त्याने त्यास बांधून ठेवले नाही, तर धन्याचा दोष निराळाच होतो. १९९२ साली कोणी म्हटले असेल की, आम्हांस ठाऊक नव्हते. ते पटण्याजोगे नाही, कारण अंगणवाड्यांची योजना १९७५ सालापासूनच देशात सुरू होती, आणि उपाशी मुले कोठे आहेत हे पाहण्यासाठीच ती होती; तरी ते आपण घटकाभर मानू. पण त्यानंतर हा बैल सर्वांच्या ओळखीचा झाला. दिवाळी होताच कुटुंबे भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातात, अंगणवाडी मागे राहते. पावसाळ्याच्या तोंडी ती परत येतात. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, रस्ते तुटतात, आणि त्याच महिन्यांत मुले आजारी पडतात. हे दर वर्षी, त्याच क्रमाने होते. तिथी ठाऊक असलेल्या संकटाला अपघात म्हणणे आमच्या जिभेवर येत नाही.

मग हा दोष कोठवर न्यावा? मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण २०१२ साली पुरे झाले. त्याचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, आणि उन्हाळ्यात मोखाड्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. नळ उघडणारी मुंबईची गृहिणी ह्या दोषात वाटेकरी आहे काय? कायदा म्हणतो, कारण फार दूरचे असेल तर तेथे थांबा. हे योग्यच आहे, नाहीतर साखळी आदामापर्यंत जाईल, आणि त्याने तर जाब विचारताच बायकोकडे बोट दाखविले होते. आम्हीही त्या गृहिणीस येथे ओढीत नाही. दूरच्यांची चिंता करण्याआधी जवळच्यांची मोजणी झालेली बरी.

ती मोजणी कशी करावी हे अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारणारा कोण ते कळले नाही, तर वडीलजनांनी व न्यायाधीशांनी बाहेर येऊन प्रेतापासून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि जे गाव सर्वांत जवळ निघेल त्याच्या वडीलजनांनी पुढे येऊन त्या रक्ताविषयी बोलावे. मारणारा त्या गावचा होता असे तेथे म्हटलेले नाही. फक्त अंतर मोजावयाचे आहे. कोणीच सापडत नाही म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, असे त्या शास्त्रात चालत नाही.

आमच्या मंडळ्या अशा पाड्यांच्या किती जवळ आहेत हे उपदेशकबंधूंस आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. काही ठिकाणी दोन कोस, काही ठिकाणी एक ओहोळ. कित्येकदा ते मूल मंडळीच्याच घरातले असते. आम्ही त्या घरी प्रार्थनेस गेलो, मूल किरकिरे व सुस्त पाहिले, केस पिंगट झालेले पाहिले, आणि सेविका पाहील असे म्हणून परतलो, असे आपल्यापैकी ज्याच्याकडून घडले नसेल तो सुखी. आम्हांस तसे म्हणता येत नाही.

मोजण्याची दुसरी एक पट्टी आहे, ती अंगणवाडीत मिळते. सहा महिने ते पाच वर्षे ह्या वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती धरतात; घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल फार धोक्यात आहे आणि त्यास त्याच दिवशी दवाखान्याकडे न्यावयाचे आहे. ती लावावयास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि अक्षरओळख असलेल्या कोणासही ती लावता येते. येत्या दिवाळीनंतर मुकादम ट्रक घेऊन पाड्यावर येतील. त्यापूर्वी कोणकोणती घरे जाणार, त्यांत सहा वर्षांखालील मुले किती, ती कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार, एवढे एका कागदावर उतरवून त्याची एक प्रत येथील सेविकेस व एक प्रत तेथील अंगणवाडीस पोहोचती करणे हे काम उपदेशकास होण्याजोगे आहे. आषाढात कुटुंबे परत आली म्हणजे तोच कागद काढून पाहावा, किती मुले परत आली.